जुन्या एमएक्स-५चं सस्पेन्शन: पार्ट कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात येऊन नोकरीत जरा बूड टेकलं की काहींना जुन्या दोन सीटर गाडीची हौस येते. खिशाला झेपणारी, रोज चालवता येईल अशी आणि पार्ट मिळतील अशी गाडी शोधत गेलं की बहुतेक जण मझदा एमएक्स-५पाशी येऊन थांबतात. मग पहिल्याच हिवाळ्यात खालून खडखड सुरू होते आणि फोन येतात. त्या फोनांवर पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे एका जागी मांडली आहेत.

ही माहिती नेमक्या कोणत्या गाड्यांना लागू आहे?

मुख्यतः पहिल्या पिढीच्या, म्हणजे एनए गाडीला. ही गाडी फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९९७पर्यंत बनत होती. अमेरिकेत मिआटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर आणि युरोपात एमएक्स-५ अशी तिची तीन नावं. ब्रिटनच्या रस्त्यांवर जपानहून वापरून आलेल्या युनोसही पुष्कळ दिसतात. खालचा सांगाडा तोच आहे, त्यामुळे नावावरून गोंधळू नका. १९९८ ते २००५ची एनबी तिचीच धाकटी बहीण, तिलाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. २००५नंतरच्या एनसीचं सस्पेन्शन वेगळं आहे, तिचा विचार इथे केलेला नाही.

या गाडीला चारही चाकांवर डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन लोखंडी आर्मनी धरलेलं असतं, आणि सुरुवातीच्या १.६ लिटरच्या मॉडेलचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. म्हणजे सांधे भरपूर आणि गाडी हलकी. जड सेडानमध्ये एखादा बुश (आर्मच्या सांध्यातला रबरी तुकडा) ढिला झालेला वर्षभर कळतही नाही. इथे तो स्टिअरिंगमधून आणि सीटमधून लगेच जाणवतो.

एका वाक्यात सांगा, कंपनीचे की बाहेरचे?

रबर आणि बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा गोळ्याचा सांधा) कंपनीचे किंवा त्याच तोडीचे, शॉकअप बाहेरचे पण नावाजलेले, आणि स्प्रिंगला कारण नसताना हात लावू नका.

पुढचं सगळं याच वाक्याचं स्पष्टीकरण आहे. 'सगळं ओरिजिनलच' म्हणणारे आणि 'कंपनीवाले लुटतात, सगळं बाहेरचंच घ्या' म्हणणारे, दोघंही पार्टगणिक विचार करायचं टाळतात, असं माझं मत आहे.

जिन्युइन, ओईएम आणि आफ्टरमार्केट यात फरक काय?

जिन्युइन म्हणजे मझदाच्या खोक्यात, मझदाच्या नंबरसह येणारा पार्ट. तो बहुतेक वेळा मझदाने स्वतः बनवलेला नसतो, पुरवठादाराकडून घेतलेला असतो. तोच पुरवठादार तोच पार्ट स्वतःच्या खोक्यात विकतो तेव्हा आपण त्याला ओईएम म्हणतो. बाकी सगळं आफ्टरमार्केट, आणि त्यात बिल्स्टीनसारख्या नावाजलेल्या कंपनीपासून नाव-गाव नसलेल्या मालापर्यंत सगळे एकाच रांगेत उभे असतात. म्हणून 'आफ्टरमार्केट घेतला' एवढं सांगून काहीच कळत नाही. कोणाचा घेतला ते सांगा.

जर्मन गाड्या पाळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. लेमफर्डर या पुरवठादाराच्या आर्मवर गाडीच्या कंपनीचा लोगो घासून काढलेली जागा दिसते आणि पार्ट तोच, कमी किमतीत मिळतो. मझदाच्या बाबतीत अशी सरळ वाट कमी सापडते, कारण तिचे मूळ पुरवठादार बरेचसे जपानी आहेत आणि त्यांचा माल युरोपातल्या दुकानांत सुटा मिळेलच असं नाही.

एक खूण उपयोगी पडते. मझदाच्या पार्ट नंबरमध्ये मधले दोन अंक गाडीचा कोणता भाग ते सांगतात: ३४ असेल तर पुढचं सस्पेन्शन, २८ असेल तर मागचं. 'एनए०१-३४' अशी सुरुवात दिसली की तो पार्ट एनएच्या पुढच्या सस्पेन्शनसाठी काढलेला आहे. 'दोन्हीकडे बसतो हो' असं सांगणाऱ्या विक्रेत्याला आधी हा नंबर विचारा.

नवे शॉकअप टाकले, तरी गाडी खडखडतेच आहे. असं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. गाडी उडते, आवाज करते, म्हणजे शॉकअप गेले, असा आपला सरळ हिशोब असतो. ऑर्डर केले, गॅरेजात बसवून घेतले, पैसे गेले, आणि घराजवळच्या त्याच स्पीडब्रेकरवर तोच आवाज.

शॉकअप हे त्या साखळीतलं एकच कडं आहे. त्याच्या डोक्यावर टॉप माउंटचं (शॉकअप गाडीच्या अंगाला जोडणाऱ्या बैठकीचं) रबर असतं, दांड्यावर बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारा फोमचा ठोकळा) असतो, बाजूला अँटी-रोल बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक असते आणि दोन आर्मना मिळून बुशांची अख्खी रांग असते. तीस वर्षांत हे सगळं रबर वाळलेलं असतं. बंप स्टॉपचं तर पीठ झालेलं असतं: जुना शॉकअप काढून धुळीचं आवरण वर सरकवलं की पिवळट फोमचे तुकडे जमिनीवर गळतात आणि दांडा उघडा दिसतो. त्या अवस्थेत प्रत्येक मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळत होतं. अशा ठिकाणी नवा शॉकअप टाकून जुनेच माउंट परत लावले, तर आवाज राहणारच, वर नव्या शॉकअपचं आयुष्यही घटेल.

म्हणून शॉकअप बदलायचे तर टॉप माउंटची रबरं, बंप स्टॉप आणि धुळीचं आवरण त्याच दिवशी बदला. हे सगळं एकदाच उघडायचं असतं. लिंक रॉडची किंमत या सगळ्यात नगण्य, त्या बऱ्या कंपनीच्या आफ्टरमार्केट घेतल्या तरी चालतात.

आवाजाची जातही ऐका. हळू वेगात बारीक खड्ड्यांवर 'टकटक' असेल तर आधी लिंक आणि टॉप माउंट बघा. ब्रेक मारताना किंवा गाडी सुरू होताना एकच 'ठक' येत असेल तर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट बघा. वळणावर गाडी आधी नाही-हो करते आणि मग वळते, असं वाटत असेल तर आवाज नसला तरी बुशच.

बुश संपलेत हे घरी ओळखता येतं का?

येतं. गाडी जॅकवर चढवा, पण नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नका, स्टँड लावा. चाक काढा. आर्म आणि सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) यांच्या मधल्या फटीत एक लांब पहार घालून हलकेच रेटा. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. संपलेला बुश सरकतो, आतली नळी एका बाजूला बसलेली दिसते, किंवा रबराच्या कडेने गोल चीर गेलेली असते. वरवरच्या बारीक भेगा या वयाच्या प्रत्येक गाडीत सापडतील, त्यांना घाबरायचं कारण नाही. आतल्या नळीपासून रबर सुटलेलं दिसलं की मात्र तो बुश गेला.

बुश रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे?

रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी मी रबर सांगतो, आणि यावर माझे अनेकांशी वाद झाले आहेत.

कारण समजून घ्या. मूळ रबरी बुशात बाहेरची नळी, आतली नळी आणि मधलं रबर एकमेकांना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही. रबर स्वतः पिळतं आणि परत येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, आवाज येत नाही आणि रस्त्याचे बारीक कंप ते गिळून टाकतं. पॉलियुरेथेनचं काम उलट आहे. ते नळीवर फिरतं. पॉवरफ्लेक्स, सुपरप्रो, एनर्जी सस्पेन्शन यांचे बुश चांगले आहेत, हातानेही बसतात, गंज खात नाहीत आणि चाकाचा कोन जास्त पक्का धरतात. पण ग्रीस सुकलं की पावसाळी सकाळी गाडी जुन्या झोपाळ्यासारखी करकरते, आणि परत सगळं उघडून ग्रीस भरावं लागतं. ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याला ती किंमत परवडते. शनिवारी वेल्सच्या डोंगरात फिरायला जाणाऱ्याला ती का परवडावी?

या गाडीच्या मूळ इंजिनिअरांनी, तोशिहिको हिराई यांच्या चमूने, मऊ स्प्रिंग आणि मोजका डोलणारा सांगाडा मुद्दाम ठेवला. घोडा आणि स्वार एक व्हावेत, असं त्यांचं सूत्र होतं. सगळे सांधे कडक करून ठेवले की गाडी जास्त चपळ वाटते, पण तिचा तो सैल, बोलका स्वभाव जातो. एकदा नव्या रबरी बुशांची एनए चालवून बघा आणि मग पॉलीचं ठरवा. बऱ्याच जणांनी नव्या रबराची एनए कधी चालवलेलीच नसते; ते तुलना करतात ती संपलेल्या रबराशी.

आता कोणतंही रबर घ्या, एक गोष्ट चुकली तर पैसे पाण्यात. बुशाचे मुख्य बोल्ट अखेरचे घट्ट करायचे ते चाकं जमिनीवर असताना, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर बसलेली असताना. गाडी हवेत, चाकं लटकलेली आणि मेकॅनिकने तशातच बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. असा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष मात्र पार्टला मिळतो. गॅरेजात गाडी देताना हे तोंडाने सांगा आणि कामाच्या कागदावर लिहूनही द्या. मेकॅनिकला राग आला तर येऊ द्या.

पॉलीच्या बुशाला हा नियम इतका कडक लागू होत नाही, कारण तो फिरतोच. घाईच्या गॅरेजांना पॉली आवडतं त्यामागे हेही एक कारण असावं.

बॉल जॉइंटमध्ये पैसे वाचवता येतात का?

नाही. पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं आणि गाडी थांबवायची संधीही मिळत नाही. इथे जिन्युइन किंवा नावाजलेल्या जपानी कंपनीचाच घ्या.

एनएमध्ये खालचा बॉल जॉइंट वेगळा, बोल्टने जोडलेला असतो, तो सुटा बदलता येतो. वरचा आर्मच्या अंगातच असतो, त्यामुळे मझदाच्या हिशोबाने अख्खा आर्म बदलायचा. बाहेर सुटे वरचे जॉइंटही मिळतात, ते प्रेसने बसवावे लागतात. अनुभवी माणसाच्या हातून बसवला तर ठीक. आर्मची जागा आधीच एकदा रुंदावलेली असेल तर अख्खा आर्म घेणं शहाणपणाचं.

घरी बघायचं तर चाक जॅकवर घेऊन वरून आणि खालून धरा, आत-बाहेर हलवा. दुसऱ्या माणसाला आत जॉइंटकडे बघायला सांगा. प्ले (ढिलेपणा) नसला तरी रबरी टोपी फाटलेली असेल तर त्याचे दिवस भरलेत असं समजा, कारण आत पाणी आणि मीठ गेलेलं असतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते फार लवकर काम करतं.

मग शॉकअप बाहेरचे चालतात, ते का? आणि कोणते?

कारण इथे बाहेरच्या काही कंपन्या मूळ पुरवठादाराइतक्याच, कधी त्याहून चांगल्या आहेत. मझदानेही काही मॉडेलांना कारखान्यातूनच बिल्स्टीन लावले होते: जपानची एस-स्पेशल आणि अमेरिकेतली आर पॅकेज ही त्यांतली ओळखीची नावं. बिल्स्टीन लावल्याने गाडीचा मूळपणा गेला, असं म्हणणाऱ्याला हे सांगता येईल.

केवायबी एक्सेल-जी हा सर्वांत साधा पर्याय. दोन नळ्यांचा, गॅस भरलेला, मूळ शॉकअपच्या धाटणीचा. मूळ स्प्रिंग, शांत चालवणं आणि बेताचं बजेट असेल तर तो घ्या. त्यात नखरा काही नाही आणि काम चोख.

कोनी स्पोर्ट, म्हणजे पिवळे कोनी. यांत डोक्यावरची खुंटी फिरवून शॉकअप परत उलगडण्याचा वेग कमी-जास्त करता येतो. दबण्याचा वेग ठरलेला असतो. जुन्या स्प्रिंगबरोबर मऊ ठेवा, कडक स्प्रिंग टाकल्या तर खुंटी फिरवा. खराब रस्त्यावर गाडीला आराम देण्यात आजही यांचा हात धरणारे कमी आहेत. माझी स्वतःची पहिली पसंती हीच.

बिल्स्टीनचे बी६ आणि बी८ एकाच नळीचे, उच्च दाबाच्या गॅसचे. बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी८ आखूड, गाडी खाली करणाऱ्या स्प्रिंगसाठी. हे उलटसुलट घेणारे लोक दर वर्षी भेटतात. बिल्स्टीनचा पहिला दणका कोनीपेक्षा कडक वाटतो, पण गाडी वळणात फार पक्की बसते. गॅसच्या दाबामुळे गाडी केसभर उंच उभी राहिलेली दिसली तर गोंधळू नका.

कोनी आणि बिल्स्टीन दोन्ही उघडून, नव्याने भरून मिळतात. वीस वर्षं गाडी ठेवायची असेल तर सुरुवातीची किंमत त्या हिशोबाने बघा.

चार शॉकअप एकदम बदला. निदान पुढची जोडी किंवा मागची जोडी. एकच शॉकअप गळतोय म्हणून एकच बदलणं या गाडीत चालत नाही.

गाडी जरा खाली करायची आहे. स्प्रिंग बदलू का?

दिसायला छान दिसते, मान्य. पण एनएमध्ये चाकाला वर जायला मुळातच कमी जागा आहे, विशेषतः मागे. तीस मिलिमीटर खाली केलीत की उरलेली जागा बंप स्टॉपच खातो. गाडी मग स्प्रिंगवर न बसता रबराच्या ठोकळ्यावर बसते आणि प्रत्येक खड्ड्यात उसळते. मालक म्हणतो, शॉकअप कडक आहेत. शॉकअपचा काही दोष नसतो.

खाली करायचीच असेल तर आयबाखसारख्या कंपनीची थोडी आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग, तिला जुळणारे शॉकअप आणि योग्य लांबीचे बंप स्टॉप, असा पूर्ण संच एकत्र घ्या. अनेक जण यासोबत एनबीचे टॉप माउंट लावतात, कारण त्यांच्या रचनेमुळे चाकाला वर जायला जास्त जागा मिळते. ही युक्ती चांगली आहे, पण माउंटबरोबरचे वॉशर, रबरं आणि नळ्या संपूर्ण जोडाने घ्या. अर्धे एनएचे, अर्धे एनबीचे असं केलंत की नट आवळला तरी दांडा सैलच राहतो.

स्प्रिंग कापून गाडी खाली करणं हा विषय इथे काढणारही नाही.

स्वस्त कॉइलओव्हर (शॉकअप आणि उंची बदलता येणारी स्प्रिंग एकत्र) मिळतायत, चारही चाकांचा संच. घ्यावा का?

या गाडीवर वाया गेलेला सर्वांत मोठा पैसा मी कॉइलओव्हरच्या स्वस्त संचांवर गेलेला पाहिला आहे. उंची बदलता येते, कडकपणाचे तीस-बत्तीस टप्पे आहेत, रंग झकास, आणि किंमत चांगल्या शॉकअपच्या चार नगांएवढीच. पण त्यातले निम्मे टप्पे एकसारखेच लागतात, स्प्रिंग या हलक्या गाडीला फार कडक असते, आणि मिठाच्या रस्त्यावर दोन हिवाळ्यांत उंचीची चकती आट्यांवर गंजून बसते. मग ती उंची बदलायची सोय कायमची गेली.

चांगले कॉइलओव्हर आहेत, ओहलिन्सचे रोड अँड ट्रॅक हे त्यांतलं एक नाव. पण ते वेगळ्या बजेटचं जग आहे. तेवढे पैसे नसतील तर कोनी आणि मूळ स्प्रिंग ही जोडी कुठल्याही स्वस्त कॉइलओव्हरला मागे टाकते.

स्क्रॅपयार्डातून वापरलेले ओरिजिनल पार्ट घेतले तर?

लोखंड घ्या, रबर घेऊ नका. सरळ, न वाकलेला, आतून न गंजलेला आर्म किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) वापरलेला असला तरी उत्तम, त्यात नवे बुश ठोकून घ्या. वापरलेला शॉकअप, बुश, बॉल जॉइंट, माउंट यांचं वय तुमच्या गाडीएवढंच असतं. 'कमी चाललेली गाडी होती' हे रबराच्या बाबतीत फारसं खरं धरू नका. ते उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

मझदा अजून या गाडीचे पार्ट देते का?

बरेच देते, पण सगळे देत नाही, आणि यादी दर वर्षी थोडी लहान होते. सस्पेन्शनमधली रोज झिजणारी रबरं सहसा मिळतात, एखादा ठरावीक आर्म किंवा कंस मिळायला अडचण येऊ शकते. डीलरच्या काउंटरवरच्या तरुणाने संगणकात बघून 'बंद झालंय' म्हटलं तरी नंबर देऊन पुन्हा तपासायला सांगा, कारण जुना नंबर रद्द होऊन त्याच पार्टला नवा नंबर मिळालेला असतो.

मझदाने २०१७मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली आणि त्यासोबत काही बंद पडलेले पार्ट पुन्हा बनवायला घेतले. त्यात नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, घडीचा टप आणि त्या काळच्या नक्षीचे ब्रिजस्टोन एसएफ-३२५ टायर होते. मागणी टिकली तर कारखाना जुन्या साच्यांकडे परत वळतो, हे त्यातून दिसलं. जपानहून पार्ट मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा; कधी कधी तरीही स्वस्त पडतं.

नकली माल कसा ओळखायचा?

जिन्युइन खोक्यातला बॉल जॉइंट बाजारभावाच्या चौथ्या हिश्शात मिळत असेल तर आणखी तपासायची गरज नाही. बाकी खुणा अशा: लेबलवरची छपाई अंधुक, नंबर खोक्यावर एक आणि पार्टवर काहीच नाही, ओतीव लोखंडाच्या कडा न घासलेल्या, रबरी टोपी हाताला कडक आणि चकचकीत. ऑनलाइन बाजारात विक्रेता कोण आहे ते बघा. संकेतस्थळ मोठं असलं म्हणून विकणारा माणूस मोठा होत नाही.

गॅरेजवाला म्हणतो, पार्टपेक्षा मजुरी जास्त होईल. फसवतोय का?

शक्यतो नाही. या गाडीत आर्मचे बोल्ट बुशाच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. पुढचा शॉकअप काढायला वरच्या आर्मचा लांब बोल्ट काढणं सोयीचं, तोच नेमका अडकलेला असतो. आधी आठवडाभर रोज भेदक तेल मारायचं, मग उष्णता, मग हातोडा, आणि शेवटी करवतीने बोल्ट दोन्हीकडून कापायचा. चाकांचा कोन बदलणारे कॅम बोल्ट (मध्य एका बाजूला सरकलेले) तर हमखास कापावे लागतात, म्हणून ते आधीच नवे मागवून ठेवा. नवे बसवताना आतल्या नळीत तांब्याचं ग्रीस लावा.

म्हणूनच सांगतो, उघडलेल्या जागी तीस पाउंड वाचवायला हलका बुश घालू नका. मजुरी दोन्हीला सारखीच लागते.

काम झाल्यावर अलाइनमेंट कुठे करावी?

टायरच्या दुकानात फक्त पुढचा टो (चाकं समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बघून देतात, ते इथे पुरत नाही. या गाडीचे पुढचे-मागचे दोन्ही कोन बदलता येतात आणि चारही चाकं एकत्र जुळवावी लागतात. रस्त्यावरच्या वापरासाठी पुढे साधारण उणे एक अंश कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला असण्याचा कोन) आणि मागे उणे दीड अंशाच्या आसपास, पुढे-मागे किंचित आतला टो, इथून सुरुवात करा. शक्य असेल तर चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाएवढा भार ठेवून मोजायला सांगा. हजार किलोच्या गाडीत एक माणूस म्हणजे लहान गोष्ट नाही.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायर झिजलेला असो वा नवा, आकडा तोच येतो.

एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) आणि विम्याचं काय?

जोरात गळणारा शॉकअप, तुटलेली स्प्रिंग किंवा बॉल जॉइंटची आत घाण जाऊ देणारी फाटकी टोपी यांवर एमओटी नापास होते. नुसती खराब झालेली टोपी किरकोळ दोषात जाते, पण पुढच्या वर्षाची ती सूचनाच समजा.

मूळ धाटणीचे केवायबी टाकले तर ती दुरुस्ती झाली. खाली करणाऱ्या स्प्रिंग, कॉइलओव्हर हे बदल विमा कंपनीला आधी कळवा. जुन्या गाड्यांचा विमा देणाऱ्या कंपन्या याला सरावलेल्या असतात, हप्ता फार वाढत नाही. न कळवता अपघात झाला तर मात्र दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येईल.

पहिल्या गाड्या लवकरच चाळीस वर्षांच्या होतील आणि त्या वयाला ब्रिटनमध्ये एमओटीतून सूट मिळू शकते, पण गाडीत मूलभूत बदल केलेले नसतील तरच. सस्पेन्शनचा प्रकारच बदलणं त्या बदलांत मोडतं. शॉकअपची कंपनी बदलणं मोडत नाही. सूट मिळाली तरी वर्षातून एकदा गाडी कोणाला तरी खालून दाखवाच.

ही गाडी पुण्याला घेऊन जाता येईल का?

विसरा. वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवर भारतात तीन वर्षांच्या वयाची अट आहे. मझदाने तिथे या गाड्या कधी विकल्याही नाहीत. आपल्याकडे मझदा म्हटलं की आठवतो तो स्वराज मझदाचा टेम्पो. पुण्या-मुंबईत जुनी ऑक्टाव्हिया आरएस वगैरे सांभाळणाऱ्यांना मात्र इथला पार्टगणिक विचार जसाच्या तसा लागू पडतो. फक्त तिथल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा, मूळ तपशिलात परस्पर बदल करायला ते मुभा देत नाही.

पैसे थोडे आहेत. कशापासून सुरुवात करू?

आधी बॉल जॉइंट आणि टाय रॉडची (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याची) टोकं, कारण तो सुरक्षिततेचा भाग आहे. मग टायर: सहा-सात वर्षांहून जुने टायर असतील तर वरचं सगळं करूनही फरक कळणार नाही. मग बुश, एका वेळी एक बाजू करू नका, निदान पुढचे सगळे किंवा मागचे सगळे. मग शॉकअप माउंटसकट. अलाइनमेंट मधे एकदा आणि शेवटी एकदा, असे दोनदा पैसे जातील, इलाज नाही. बुश आणि शॉकअप एकाच वेळी जमवता आले तर मजुरी आणि एक अलाइनमेंट वाचते, म्हणून सहा महिने थांबून एकदम केलेलं मला जास्त पटतं.

काढलेले जुने पार्ट टाकून देऊ का?

संपलेली रबरं आणि बॉल जॉइंट टाका. मूळ स्प्रिंग, आर्म, टॉप माउंटची लोखंडी ताटली आणि कारखान्याचे बिल्स्टीन असतील तर तेही, तेल पुसून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना घेणारा हमखास विचारतो, 'ओरिजिनल स्प्रिंग आहेत का?'